घेतला वसा आणि घेतलेले कर्ज

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान विष्णू शेषशय्येवर योगनिद्रेस जातात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, ही आपल्या घराघरांतील श्रद्धा. मधला काळ तो चातुर्मास. या काळात काही ना काही सोडावयाचे, हा आपल्या पूर्वजांचा परिपाठ. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. या मालिकेत आणखी एका नेमाची भर घालावी, असे आम्ही वाचकांस सुचवू इच्छितो. ज्या कुटुंबावर कर्ज आहे, त्याने चातुर्मासात एखादा अनावश्यक खर्च सोडावा आणि वाचलेली रक्कम देवासमोर ठेवून मग कर्जफेडीस लावावी.

या सूचनेची गरज का वाटली, ते सांगितले पाहिजे. चातुर्मास हा संयमाचा काळ खरा, परंतु मंगळागौर, राखी पौर्णिमा, गणपती, गौरी, नवरात्र, दसरा आणि दिवाळी हे सारे याच चार महिन्यांत येतात. म्हणजे ज्या महिन्यांत नेमधर्म अधिक, त्याच महिन्यांत घरचा खर्चही अधिक. ‘ऋण काढून सण’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आहे, यावरून हा रोग जुना आहे हे उघड होते. पूर्वी ऋण काढावयास सावकाराच्या ओट्यावर जावे लागे व मान खाली घालावी लागे. आता ऋण आपल्या खिशात असते. कार्ड पुढे केले की वस्तू घरी येते, आणि हप्त्यांची आठवण दिवाळीचे कंदील उतरल्यावर होते.

काही भाविक म्हणतील, व्रताच्या गोष्टीत पैशाचा हिशेब कशाला? आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. आपल्या धर्माने मनुष्य जन्मास येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन, असे मानले. ऋण फेडणे ही कल्पनाच आपल्या धर्मविचाराच्या मुळाशी आहे. व्यवहारातील कर्जाचाही विचार धर्मशास्त्राने बारकाईने केला. ऋणकोवर फेडीचे बंधन घातले, तसे दामदुपटीच्या नियमाने धनकोलाही आवरले. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असे ठरविले. कर्ज हा केवळ बाजाराचा विषय असता, तर शास्त्रकारांनी त्यात लक्ष घातले नसते.

आषाढीच्या निमित्ताने दोन संतांचे स्मरण येथे उचित होईल. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांसाठी खुले केले. त्यांच्यावर संकट आले तेव्हा पांडुरंग साध्या सेवकाच्या वेषात बेदरला गेला, असे परंपरा सांगते. तेथे देवाने काय केले? बादशहास चमत्कार दाखवून देणे बुडविले नाही. धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. भक्ताचा हेतू कितीही पवित्र असला तरी ज्याचे त्यास पोहोचले पाहिजे, हे प्रत्यक्ष विठ्ठलाने मानले.

दुसरे स्मरण तुकोबारायांचे. वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडविली, धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची मात्र त्यांना देऊन टाकली, ही कथा सर्वश्रुत आहे. तुकोबांनी बुडविले ते स्वतःचे येणे. दुसऱ्याचे देणे नव्हे; भावाच्या हक्कासही त्यांनी धक्का लावला नाही. येणे सोडणे हे वैराग्य होय. देणे सोडून देणे हे वैराग्य नव्हे, मग कपाळी गंध कितीही ठसठशीत असो.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरी वाचली जाते. राजाच्या आज्ञेवरून साऱ्या गावाने घरातील मुलाबाळांच्या व वासरांच्या तोंडचे दूध काढून महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले, तरी तो भरला नाही. एका म्हातारीने आधी मुलेबाळे व गाईवासरे तृप्त केली, मग उरलेले खुलभर दूध वाहिले, आणि गाभारा भरून गेला. या कहाणीचा अर्थ आम्ही असा घेतो: आधी ज्यांचे देणे आहे त्यांना द्यावे, मग देवाला वाहावे. वाण्याची उधारी तशीच ठेवून केलेली आरास राजाच्या दुधासारखी आहे. देव तिला भुलत नाही.

आता व्यवहार पाहू. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे पेटले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला होता. रयतेच्या कर्जास लग्नसमारंभ कारणीभूत आहेत, या समजुतीस फाजील महत्त्व दिले जाते. बी-बियाणे, बैल, सारा आणि पोटापाण्याची वारंवार काढावी लागणारी लहान लहान कर्जेच भार अधिक वाढवितात, असे तिचे म्हणणे होते. यातून दोन बोध घ्यावेत. एक, प्रत्येक कर्जदारास उधळ्या म्हणू नये. दवाखान्याच्या खर्चाने वा नापिकीने जो कर्जात बुडाला, त्याला काटकसरीचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. त्याला मदतीची गरज आहे. दुसरा बोध असा, की लहान व वारंवार होणाऱ्या खर्चाकडे दुर्लक्ष करू नये. जे थेंबाथेंबाने साचले, ते थेंबाथेंबानेच उपसता येते.

एक साधे गणित मांडू. अधिक मास नसेल तर चातुर्मास सुमारे ११८ दिवसांचा असतो. बाहेरचे खाणे, दाराशी मागविलेले जिन्नस, गरजेवाचूनची खरेदी यांतून घरातील सर्वांनी मिळून रोज १०० रुपये वाचविले, तर ११,८०० रुपये होतात. समजा कार्डाची थकबाकी ४०,००० रुपये आहे आणि तीवर दरमहा तीन टक्के व्याज चढते. नुसते व्याज भरत राहिल्यास वर्षाला १४,४०० रुपये जातील आणि मुद्दल जागचे हलणार नाही. व्याज नेहमीप्रमाणे भरून ही ११,८०० रुपयांची रक्कम मुद्दलात घातली, तर पुढील व्याज महिन्याला ३५४ रुपयांनी उतरते. उद्यापन झाल्यावरही फळ देत राहणारे हे व्रत आहे.

नेम घेताना काही पथ्ये मात्र पाळावीत. वाचलेला पैसा डब्यात पडून राहू देऊ नये. दर एकादशीस तो कर्जखात्यात भरावा. ज्या कर्जास व्याज अधिक, ते आधी फेडावे, असे गणित सांगते. परंतु दूधवाला, वाणी किंवा घरकाम करणारी बाई यांचे थकलेले पैसे त्याही आधी द्यावेत, असे धर्म सांगतो. त्यांची चूल त्यांवर पेटते. वृद्धांचे औषध, मुलांचे शिक्षण, गड्याचे वेतन यांत काटछाट करू नये. फूलवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणे ही काटकसर नव्हे. देवापुढचा नंदादीप आणि दारी आलेल्याचा घास बंद करण्याचेही कारण नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे व्रते बहुधा गृहिणीच्या वाट्यास येतात. ती उपास करते, तीच साडीची हौस मारते, आणि घरधन्याचे तंबाखू-विडी व मित्रमंडळींतील खाणेपिणे अबाधित राहते. असा एकतर्फी नेम आम्हांस मंजूर नाही. आषाढीच्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून कर्जाचा आकडा मोकळेपणाने सांगावा, आणि प्रत्येकाने स्वतःच्या आवडीतील एक गोष्ट स्वतः सोडावी. दुसऱ्याने काय सोडावे, हे कोणी सांगू नये.

वसईचे आपले ख्रिस्ती शेजारी ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. त्या काळात आवडीच्या गोष्टी सोडून वाचलेला पैसा गरिबांसाठी बाजूस ठेवण्याची चाल त्यांच्यात आहे. सोडलेले कोणाच्या तरी कामी यावे, ही दृष्टी त्यामागे आहे. आपल्याही नेमांत ती आणता येईल.

कार्तिकी एकादशीस देव जागे होतील, तुळशीच्या लग्नाची तयारी सुरू होईल. त्या दिवशी सारे कर्ज फिटलेले असेलच असे नाही. परंतु आकडा उतरलेला असेल, वाण्याच्या दुकानावरून जाताना मान वर राहील, आणि घरातील माणसांत पैशाविषयी लपवाछपवी उरणार नाही. घेतलेला वसा आपण टाकीत नाही. तशीच निष्ठा घेतलेल्या कर्जाविषयीही बाळगू या. पांडुरंग सर्वांस ती बुद्धी व ते बळ देवो.