आभाळातले लोखंड

मराठी शिकविणाऱ्या माणसाला शब्द उकरण्याची खोड असते. ‘उल्का’ आणि ‘अशनी’ हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. पण आकाशात जळताना दिसते ती उल्का, आणि जळून उरलेला जो धोंडा जमिनीवर येऊन आदळतो तो अशनी. संस्कृतात अशनी म्हणजे वीज, वज्र. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे उल्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. वीज आणि आकाशातून पडणारा धोंडा ही भावंडेच मानली जात. जहांगीर बादशहाचीही समजूत तीच होती.

त्याच्या आत्मचरित्रातील हकीकत मोठी वाचनीय आहे. १६२१ च्या एप्रिलात जालंदर परगण्यातील एका गावी पहाटे पूर्वेकडून भयंकर आवाज झाला आणि वरून लखकन उजेड खाली आला. परगण्याचा आमील महंमद सईद घोडा फेकीत तेथे गेला, तो दहाबारा गज जमीन अशी करपलेली, की गवताची काडी उरलेली नाही. जो जो खणावे, तो तो माती अधिक तापलेली. अखेर लोखंडाचा गोळा निघाला. तो मोहोरबंद होऊन दरबारी आला. वजन भरले १६० तोळे. बादशहाने उस्ताद दाऊद याला तलवार, खंजीर आणि सुरी घडवायला सांगितले. दाऊद म्हणाला, हे घणाखाली टिकत नाही, फुटते. तेव्हा तीन भाग ते ‘विजेचे लोखंड’ आणि एक भाग साधे, असे मिसळून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी झाली. तलवार येमेनच्या आणि दक्षिणेच्या तलवारींप्रमाणे वाकून पुन्हा सरळ होई, असे बादशहा कौतुकाने लिहितो. (‘दक्षिणेच्या’ हा शब्द वाचताना आम्हां गोदावरीखालच्या मंडळींची मान थोडी ताठ होते, ती होवो.) सोन्याचे नक्षीकाम केलेली ती सुरी १९५५ पासून वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे.

ही हकीकत मी गेल्या गणपतीत घरी पंगतीला सांगितली. पुण्याचा भाचा जेवता जेवता थांबला. महिन्याभरात तो अंबाजोगाईस हजर, खिशात पाव किलोचा काळा, ओबडधोबड खडा. अर्जेंटिनातल्या ‘काम्पो देल सिएलो’ नावाच्या भागातला. “मामा, तुमच्याकडे लोहार चांगले आहेत ना? याची सुरी करून घ्यायची.”

लोहार चांगले आहेत खरेच. पण आश्विनात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बालाघाटच्या डोंगरातली गावे या दिवसांत रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि प्रत्येकाला कोयता हवा असतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ अशी मोजदाद आमच्या बीड जिल्ह्यात चालते. माणसांची गणती हत्याराने करणारी दुसरी भाषा माझ्या ऐकिवात नाही.

आम्ही गेलो तेव्हा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता ओढीत होता. घण त्याच्या बायकोच्या हाती. भोवती दहाबारा गिऱ्हाइके. त्यांत माझ्या वर्गातली, बी. ए. च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आईबरोबर उभी. लोहाराने तिची मूठ आवळायला लावून लाकडाचे माप घेतले, दोन कोयते हातात देऊन कोणता पेलतो ते पाहिले. माझ्याकडे पाहून ती ओशाळली. म्हणाली, “सर, मार्चात येते. तोवर कोणाच्या वह्या मिळतील का?” मी होय म्हणालो. भाच्याने खडा खिशातून बाहेर काढलाच नाही.

टोळ्या गेल्यावर, कार्तिकात, काम निघाले. लोहाराने खडा उलटासुलटा केला आणि विचारले, “हे कुणाच्या रानात पडलं होतं?” ‘काम्पो देल सिएलो’चा अर्थच मुळी ‘आभाळाचे रान’, हे मी सांगितले. तो हसला. “ते ठीक हाय. पर खाली कुणी पेरलंच असंल की.” जालंदरच्या हकीकतीत आमिलाचे नाव आहे, उस्तादाचे आहे, ज्याची जमीन करपली त्याचे नाही.

भट्टीत लाल करून पहिला घण पडला, आणि बादशहाचीच हकीकत पुढे आली. खड्याचे चार तुकडे झाले. “ह्याच्या पोटात खोट हाय, सर.” होतीच. असल्या लोखंडात गंधकाची संयुगे ठिकठिकाणी दडलेली असतात. तापवून ठोकले की तिथूनच फुटते. शिवाय निकेल असते, पण पोलादाला धार धरू देणारा कार्बन जवळजवळ नसतो. तूतनखामेनच्या ममीजवळ सापडलेल्या खंजिरात सुमारे ११ टक्के निकेल निघाले, तेव्हा २०१६ मध्ये तो खंजीर उल्केच्या लोखंडाचा ठरला. कापून, घासून आम्लात बुडविल्यास या लोखंडावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. लाखो वर्षे सावकाश निवल्यावाचून ती पडत नाही. भट्टीत मात्र ती पुसली जाते, हे मी भाच्याला बजावले होते. “मला सुरी हवी, मामा, नक्षी नको,” तो म्हणाला.

लोहाराने तुकडे कमानपाट्याच्या दोन पट्ट्यांमध्ये घातले, टाकणखार भुरभुरला, पांढरे होईतो तापवून हलक्या हाताने जोडले; मग दुमडले, पुन्हा जोडले. असे सहा वेळा. तीन भाग पाटा आणि एक भाग आभाळ. बादशहाचे प्रमाण उलटे झाले, पण धार पाट्याचीच लागणार होती. तेलात विझवून, घासून काढल्यावर अंगावर धुरासारख्या फिकट रेघा दिसल्या. भाच्याने हातावरचे केस कापून पाहिले आणि शेजारच्या पोरांत एकच गलका झाला. सुरी पुण्यास गेली.

मार्चअखेर मी काही कामाने पुन्हा तिकडे गेलो. ऐरणीजवळ झिजलेल्या कोयत्यांचा ढीग पडला होता. ती मुलगीही होती. तिच्या कोयत्याचे पाते बोटभर आत गेले होते आणि मुठीला चिंधी गुंडाळलेली होती. वह्या मिळाल्या का, म्हणून मी विचारले. मिळाल्या होत्या, परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मग तिने विचारले, “सर, ती ताऱ्याची सुरी झाली का?” लोहाराने कोपऱ्यातल्या डबीतून वाटाण्याएवढा उरलेला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो वजन करावा तसा दोनदा वरखाली केला, “जड आहे की!” म्हणाली, आणि परत देऊन कोयत्याची मूठ बदलायला सांगितली.