पट्टीवर हमाली आहे, हमाल नाही

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली की कळंब, धाराशिव, उमरग्याच्या मोंढ्यात माणसं कमी पडतात. परवान्याचे हमाल पुरत नाहीत. मग मुकादम खेड्यातून पोरं आणतो. नोंद नाही, परवाना नाही, पोत्यामागे पैसे.

ट्रक भरताना एकदा नीट बघा. फाळक्याला टेकवलेली लाकडी फळी, पाठीवर भरलेला कट्टा आणि पायाखाली सांडलेलं सोयाबीन. दाणा गोल, गुळगुळीत. फळीवर मूठभर सांडला तरी पाय सटकतो. पण पोत्यावर मजुरी असली की फळी झाडायला कोण थांबणार? थप्पीचंही तसंच. खालचं पोतं उसवलं की वरचे थर कलतात. जुना हमाल त्या अंगाला उभाच राहत नाही. कालपरवा आलेल्या पोराला हे ठाऊक नसतं आणि हंगामात त्याला सांगायला कुणी मोकळं नसतं.

कंबर गेली, पाय मोडला की दवाखान्याचं पहिलं बिल कुणीतरी भरतं, पोराला गावी पोचवतं आणि विषय मिटतो. ‘तो आमचा माणूस नव्हता, रोजानं आला होता.’ हे उत्तर मला संतापजनक वाटतं, कारण ते कायद्यातही बसत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात नैमित्तिक कामगारांना बाजूला काढणारी पळवाट होती. ती 2000 च्या दुरुस्तीने बुजवली. मुकादमाने आणलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडे मागण्याची सोयही त्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, म्हणून व्यापाऱ्याची जबाबदारी संपलेली नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला 1969 चा माथाडी कायदा तर आपल्याच राज्याचा. पण त्याचा लाभ नोंदणी झालेल्याला, आणि हंगामी पोराची नोंदणीच होत नाही.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई चोख मांडलेली असते. काम झालं याचा कागद आहे, कुणी केलं याचा नाही. बाजार समितीने हंगामात रोज सकाळी प्रत्येक आडतीवरच्या हमालांची नावं लिहून घ्यावीत. त्याला एक वही आणि एक कारकून पुरतो.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. केसपेपरवर ‘पडून मार लागला’ एवढ्यावर भागवू नका. कुठल्या आडतीवर, कुणाचा माल भरताना, किती वाजता पडला, हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्या आणि त्या कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.