काळ्या दगडाची पट्टी

रामटेक म्हटले की गडमंदिर आणि कालिदास. भंडारा म्हटले की तलाव, धान आणि पितळेची भांडी. याच नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून सव्वाशे वर्षे मँगनीज निघते आहे, हे विदर्भाबाहेर कुणाला ठाऊक असते? खरे तर विदर्भातही फारसे नाही. म्हणून यंदाचा अंक खदानींना दिला आहे.

१८९६ साली एक ब्रिटिश सिंडिकेट इथे खनिज शोधायला उतरले आणि थोड्याच वर्षांत मनसर, कांद्री, चिखला, बालाघाट इथली कामे सुरू झाली. पोलादाला कणखरपणा देणारे मँगनीज युरोपातल्या भट्ट्यांना हवे होते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियाचा माल अडला आणि आमच्या डोंगरांचे भाव वधारले. तुमसरहून तिरोडीकडे रेल्वेचा फाटा गेला तो या मालासाठी. प्रवाशांची सोय ही त्यामागून आलेली गोष्ट. १९०९ मध्ये फर्मर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. सन्मानच म्हणायचा, पण खदानीच्या नफ्यात गोंडांचा वाटा किती होता?

दगड फोडायचा, धातुक आणि टाकाऊ खडक नजरेने ओळखून वेगळा करायचा, टोपली डोक्यावर घ्यायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले. माल किती टन गेला ते जुन्या अहवालांत सापडते. त्या बायकांपैकी एकीचे तरी नाव कुणी शोधून दाखवावे. या अंकात आम्ही त्यांच्या लेकीसुनांना बोलते केले आहे, आणि माझ्या मते अंकाचा जीव तिथेच आहे.

पुढचे थोडक्यात. १९५६ ला राज्ये बदलली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आम्ही इकडे आलो. १९६२ मध्ये सरकारने त्या सिंडिकेटमधून उभ्या राहिलेल्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला, १९७७ मध्ये उरलेलाही. आजची ‘मॉइल’ ती हीच, मुख्यालय नागपूरला.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणग्रस्त गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्या निधीतून कुठल्या गावाला पाणी मिळाले आणि कुठे नुसताच फलक लागला, याचा हिशेब मागणारा लेखही आहे. काहींना तो झोंबेल. झोंबू द्या.

दिवाळी सरली की इकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. अंक तोवर हाती पडावा म्हणून छापखान्यामागे लकडा लावला होता. मिळाला असेल तर वाचा, आणि भांडायचे असेल तर पत्र लिहून भांडा.