थोटूक विझते, विष विझत नाही

सोलापूरला समुद्र नाही. मग सिगारेटच्या थोटकांनी समुद्रातली कालवे मरतात की जगतात याची उठाठेव जुळे सोलापुरात बसून कशाला, असे कोणी विचारील. उत्तर भूगोलातच आहे. रस्त्यावर चिरडलेले थोटूक पहिल्या पावसात गटारात उतरते, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून सीनेत. १०१८ सालच्या मराठी शिलालेखामुळे ख्यातकीर्त झालेल्या हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वाटेत नदीच्या गाळातले शिंपलेही आहेतच. समुद्र आपल्या दारी नसला, तरी आपले दार समुद्राकडेच उघडते.

थोटूक म्हणजे कापूस, तो कुजून जातो, हा एक सोयीस्कर गैरसमज. सिगारेटची गाळणी सेल्युलोज ॲसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असते. ती वर्षानुवर्षे टिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरसाल सुमारे साडेचार लाख कोटी गाळण्या उघड्यावर पडतात. प्रत्येकीत निकोटीन, शिसे, कॅडमियम यांचा अंश असतो आणि तो पाण्यात झिरपतो.

कालवे, तिसऱ्या, शिंपले यांचा जीवनक्रमच पाणी आत ओढून, गाळून त्यातले अन्नकण वेचण्याचा. मासा विषापासून दूर पळू शकतो. खडकाला चिकटलेले कालव कोठे जाणार? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ मध्ये किनाऱ्यावरील समुद्री गोगलगायींच्या तीन जातींवर प्रयोग केला. एका लिटर पाण्यात पाच थोटके दोन तास भिजवली आणि त्या पाण्यात गोगलगायी ठेवल्या. आठ दिवसांत गोगलगायी मोठ्या प्रमाणावर मेल्या. आपल्यापैकी कित्येकांचे गणगोत वसईत, कोकणात, गोव्यात आहे. तेथील कोळणीच्या पाटीतल्या तिसऱ्या ज्या पाण्यात वाढतात, त्याचा विचार आपल्याला परका नसावा.

यावर आक्षेप येतो, की सोलापुरात हजारो भगिनी विड्या वळून संसार चालवतात. त्यांच्या पोटावर पाय आणायचा काय? मुळीच नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांची घरे उभी राहिली, ती त्यांच्या कष्टावर आणि लढ्यावर. विडी तेंदूच्या पानाची, दोऱ्याने बांधलेली. तिला प्लास्टिकची गाळणी नसते. तिचे थोटूकही विषारीच, तेही उघड्यावर टाकू नये. परंतु गाळणीवर बंदी आली म्हणून विडी वळणाऱ्या हातातले एक पानही हिरावले जाणार नाही. गरिबाची ढाल पुढे करून सिगारेट कारखानदारांच्या प्लास्टिकचा बचाव करणे हा अप्रामाणिकपणा आहे.

दुसरा आक्षेप, गाळणीमुळे ओढणाऱ्याचे रक्षण होते. १९५० च्या दशकापासून सिगारेटच्या रचनेत व घटकांत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१४ च्या अहवालाने काढला आहे. मग रक्षण कोणाचे?

आता आपला कायदा पाहा. १ जुलै २०२२ पासून भारताने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी घातली. त्या यादीत सिगारेटच्या पाकिटावरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टन आहे. पाकिटातल्या सिगारेटीची गाळणी मात्र नाही! वेष्टन गुन्हेगार आणि गाळणी निर्दोष, हा कोणता न्याय? युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार थोटके साफ करण्याचा खर्च उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे तो भार महानगरपालिकेच्या झाडूवाल्या बाईच्या कमरेवर आहे.

व्हॅटिकनने २०१८ पासून आपल्या हद्दीत सिगारेटची विक्री बंद केली. त्यासाठी हक्काच्या उत्पन्नावर पाणी सोडले. आपल्याला एवढाही त्याग करावयाचा नाही. लग्नमंडपाच्या मागे, चर्चच्या फाटकाबाहेर पडलेली थोटके आपल्याच मंडळींची आहेत. ती तरी थांबवू या. आणि पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारू या: बंदीच्या यादीत गाळणी केव्हा येणार?