हातातली वस्तू : फ्लॅश दगा देतो तेव्हा



या पानावर आपण पाण्याची मोटार, पंखा, शिलाई मशीन अशा घरच्या वस्तूंविषयी बोलतो. आज कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरी हे कशाला? पण जरा आठवून पाहा. तुमच्या गावात शेती सांभाळून लग्नसराईत फोटो काढणारा एखादा पोरगा असेलच. पाऊस हुकला किंवा टोमॅटोचा भाव पडला, तर त्याच्या घरचा किराणा त्या कॅमेऱ्यावर चालतो. आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी रात्रीच्या मांडवात सगळी मदार त्या फ्लॅशवर असते.

माझा भाचा असाच आहे. नारायणगावच्या बाजूला त्याचे दोन एकर रान आहे. आमच्या मुलुंडला नात्यातले लग्न होते, ज्येष्ठातली शेवटची तिथी. फोटोचे काम त्याच्याकडेच दिलेले. माळशेज घाटातून एस.टी.ने कल्याणला उतरून, लोकल पकडून तो आदल्या दिवशी संध्याकाळी घरी आला. अंगावर निम्मा पाऊस, खांद्यावर पिशवी आणि चेहरा उतरलेला. मामीने चहा दिला तरी कप तसाच हातात.

"मामा, फ्लॅश कधी पडतो, कधी पडत नाही. दुकानात दाखवला तर म्हणाले, गेला, नवा घ्या."

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. वैशाखात शेजारच्या वाडीत एका मुलीचे लग्न होते. पाठवणीच्या वेळी मुलीच्या बापाने, जो एरवी चार शब्द बोलत नाही, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रडला. याने बटण दाबले, पण फ्लॅश पडला नाही. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत बाप बाजूला झाला होता. पुढे फोटो द्यायला गेला तेव्हा बापाने ठरलेले सगळे पैसे मोजले आणि एवढेच विचारले, "तेवढा एक फोटो असेल ना रे?" याला खाली मान घालून यावे लागले.

आम्ही जेवणे उरकून, पाटावर वर्तमानपत्र पसरून बसलो. त्या रात्री जे शोधले ते सांगतो. पण आधी फ्लॅशच्या पोटात काय असते ते ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे आपोआप समजेल.

बारीक झऱ्याची विहीर तुम्ही पाहिली असेल. झरा रात्रभर झिरपतो, सकाळी मोटार लावली की घटकेत उपसा होतो. मग परत वाट पाहायची. फ्लॅशचे तसेच आहे. चार पेन्सिल सेल हा झरा. सिंगल फेजच्या मोटारीला असतो तसा पण निराळ्या जातीचा एक कंडेन्सर आत असतो, ती विहीर. सेलांचा सहा व्होल्टचा दाब आतली यंत्रणा वाढवून सुमारे ३०० व्होल्टपर्यंत नेते आणि कंडेन्सरमध्ये साठवते. बटण दाबले की तो सगळा साठा काचेच्या नळीतल्या झेनॉन वायूतून सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात निघून जातो. तोच आपला लखलखाट. अमेरिकेतल्या हॅरोल्ड एजर्टन या प्राध्यापकाने १९३० च्या दशकात ही विद्या नावारूपाला आणली. त्याआधी एकदा वापरून फेकायचे बल्ब होते, आणि त्याच्याही आधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवत. ती पेटली की धूर, ठिणग्या आणि पोरांची रडारड. असो.

आता पहिली परीक्षा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्या, चालू करा, लाल दिवा लागू द्या आणि मागचे परीक्षेचे बटण दाबा. असे दहा वेळा, दर वेळी दिवा लागल्यावरच. दहाही वेळा पडला तर विहीर, झरा आणि मोटार ठीक आहे, बिघाड वायरिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या भागात. हातातही चुकत असेल तर आधी सेलांकडे चला. दुकानदाराने एवढे एक केले असते तरी "गेला" असे म्हटले नसते, कारण भाच्याचा फ्लॅश हातात दहाच्या दहा वेळा पडला. पोराचा चेहरा तिथेच निम्मा उजळला.

मग आम्ही तो कॅमेऱ्यावर बसवला. तीनदा पडला, चौथ्यांदा नाही, पुन्हा दोनदा पडला. फ्लॅशचा पाय जरा हलवला की पडे. आता कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती खाच पाहा. मधोमध वाटोळा ठिपका असतो, तो मुख्य. बाजूच्या पट्ट्या म्हणजे परतीची वाट. बाकीचे बारीक ठिपके त्या त्या कंपनीच्या आपापसातल्या बोलण्याचे. म्हणूनच एका कंपनीचा फ्लॅश दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसवला तर पडतो, पण उजेड किती हवा ते आपल्याला हाताने लावावे लागते.

त्या मधल्या ठिपक्यावर तांब्याच्या हंड्याला धरतो तशी काळपट पुटी धरली होती. फ्लॅशच्या पायाखालच्या टोकावरही तीच. घाम, हळद, पावसाळी हवा, काय काय लागते त्याला! मुंबईच्या उपनगरात तर हवाच ओली आणि खारट, इथे लोखंडी खिळाही चार महिन्यांत तांबूस होतो. स्टार्टरचे पॉइंट आपण काचकागदाने घासतो, तसे इथे मुळीच करू नका. वरचा पातळ मुलामा निघून जाईल आणि मग दर महिन्याला पुटी धरेल. मुलांच्या दप्तरातले साधे पांढरे खोडरबर घ्या, फ्लॅश व कॅमेरा दोन्ही बंद ठेवून हलक्या हाताने चोळा आणि रबराचा चुरा फुंकून न काढता मऊ ब्रशने झाडा, कारण फुंकीतली ओल आत जाते. शेवटी कोरड्या सुती फडक्याने पुसा. पाय बसवताना पुढपर्यंत सरकवा आणि चाक किंवा खटका घट्ट आवळा. भाचा तो खटका आवळतच नव्हता, "काढायला लवकर येतो म्हणून".

खोडरबर फिरवून खटका आवळल्यावर आम्ही वीस वेळा बटण दाबले. वीसही वेळा पडला. मामी आतून ओरडली, "अरे, झोपू द्या की शेजाऱ्यांना!"

पण सगळ्यांचेच दुखणे इतके सरळ नसते, म्हणून सेलांचेही सांगतो. घड्याळात चालणारे स्वस्त सेल फ्लॅशला पुरत नाहीत, झरा बारीक पडतो. अल्कलाइन सेल घ्या, नाहीतर पुन्हा पुन्हा भरता येणारे घ्या. भरायच्या सेलाचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, पण धार मोठी असते, त्यामुळे विहीर उलट लवकर भरते. एक सेल नवा आणि तीन जुने, हा खेळ करू नका. एक मरका बैल जोडीला ओढून बसवतो. आणि लाल दिवा लागला म्हणजे विहीर काठोकाठ भरली असे नाही. पुष्कळ फ्लॅशमध्ये तो पाऊण भरल्यावरच लागतो. दिवा लागल्यावरही मनात तीन आकडे मोजा, नाहीतर फोटो अंधारा येतो आणि दोष कॅमेऱ्याला जातो.

सेलांच्या खणात पांढरी भुकटी दिसली तर सेल झिरपला आहे. अल्कलाइन सेलाची ती भुकटी खारी, म्हणजे सोड्याच्या जातीची असते. कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस नुसता ओला करून पुसा, मग स्वच्छ ओल्या बोळ्याने, मग कोरडा करून दिवसभर ठेवा. भुकटी बोटाने चोळू नका, डोळ्याला तर लागूच देऊ नका. सीझन संपला की सेल बाहेर काढून ठेवायचे, हे बियाणे उन्हात वाळवण्याइतकेच नेमाने करा.

कधी कधी फ्लॅश चांगला असतो आणि कॅमेराच त्याला हाक मारत नाही. नव्या कॅमेऱ्यात आवाज न करता फोटो काढायची सोय असते. ती चालू असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पडतच नाही. भाऊबंदांनी कॅमेरा हाताळला की अशी बटणे हमखास फिरतात. फ्लॅश पडतो पण फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो, तर शटरचा वेग जास्त आहे. तो एकदोनशेच्या आत आणा, जुन्या फिल्म कॅमेऱ्यात तर पुष्कळदा एकसाठपर्यंतच चाले. आणि दुसऱ्या फोटोवाल्याच्या लखलखाटाबरोबर तुमचाही फ्लॅश आपोआप उडत असेल, तर त्यात भुताटकी नाही. तो दुसऱ्याच्या इशाऱ्यावर पडण्याच्या खुणेवर राहिला आहे, बटण जागेवर आणा.

घरात वडिलांच्या वेळचा जुना फ्लॅश असेल आणि तो नव्या कॅमेऱ्यावर बसवावा असे मनात असेल, तर जरा थांबा. काही जुन्या फ्लॅशच्या पायाच्या टोकावर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात दोन धातूच्या पट्ट्या टेकत, त्यांना त्याचे काही नसे. आजच्या काही कॅमेऱ्यांतला नाजूक भाग त्याने जळू शकतो. जाणकाराकडून मीटर लावून आधी दाब मोजून घ्या. मुंबईला येणे झालेच तर फोर्टमध्ये बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकाने ओळीने आहेत.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. फ्लॅश उघडू नका. सेल काढले तरी आतल्या कंडेन्सरमध्ये साठा बराच काळ राहतो, आणि तो झटका घरच्या विजेपेक्षा सौम्य नसतो. पाण्यात भिजलेला असेल तर चालू करून पाहण्याची घाई नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरात कितीतरी घरांतली कपाटे पाण्यात गेली. पुढे वस्तू वाळल्या न वाळल्या तोच लोकांनी बटणे दाबून पाहिली आणि जे वाचले असते तेही घालवले. वर्षभर नुसता पडून असलेला फ्लॅश मात्र एकदम मांडवात नेऊ नका. आदल्या दिवशी नवे सेल घालून तासभर चालू ठेवा, सावकाश आठदहा वेळा पाडा. निजलेला कंडेन्सर जागा होतो.

मुलुंडचे लग्न झाले. वरातीत पोराने नाचणाऱ्यांचे फोटो एकामागून एक इतके काढले की फ्लॅश तापला आणि आपोआप थांबला. तो घाबरला. मी म्हटले, बैलाला सावलीत बांध, दहा मिनिटांत उठेल. उठला. अक्षतांचे सगळे फोटो आले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीपूर्वी मी त्याला वाडीच्या लग्नातला तो काळा फोटो दाखवायला सांगितला. सुदैवाने त्याने तो पुसला नव्हता आणि कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल ठेवली होती. अशा फाइलीत डोळ्याला न दिसणारा उजेडही थोडाफार साठलेला असतो. फ्लॅश पडला नाही तरी मांडवात दिव्यांची माळ होती. संगणकावर उजेड वाढवत नेला तेव्हा वाळूसारखे दाणे उठले, रंग गेले, म्हणून तो कृष्णधवल केला. बापाचे तोंड नीट दिसत नाही. पण लेकीच्या डोक्यावरचा हात दिसतो, हातातले घड्याळ दिसते, आणि तिने मिटलेले डोळे.

भाच्याने तो मोठा करून, चौकटीत बसवून वाडीवर नेऊन दिला. पैसे घेतले नाहीत. बाप काय म्हणाला ते विचारले तर म्हणतो, "काही नाही मामा. चहा केला आणि बसवून ठेवलं दोन तास."