कोराडीची राख आणि पऱ्हाटीचा कोळसा

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत शिरले. वीज साऱ्या महाराष्ट्राला, राख मात्र आमच्या वाट्याला!

आता संशोधक वेगळाच कोळसा दाखवीत आहेत. पऱ्हाटी, करवंटी, संत्र्याची साल हवेविना भाजायची, वाफेने किंवा कॉस्टिक पोटॅशने तिला सूक्ष्म छिद्रे पाडायची. अशा एका ग्रॅम कोळशात हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मिळू शकतो. त्यावर वीज साठते. करवंटीचा कोळसा सुपरकपॅसिटरमध्ये वापरातही आहे. लिथियम बॅटरीइतकी वीज त्यात मावत नाही हे खरे, पण तो सेकंदांत भरतो.

१९४३ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम खाते सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला होता. म्हणून आम्ही विचारतो, उन्हात पऱ्हाटी उपटणाऱ्या आमच्या मायबहिणीला यातून काय मिळणार? आणि भट्टीपाशी आमची पोरे असतील की नाही? अधिछात्रवृत्ती महिनोन्‌महिने अडली, तर खोलीचे भाडे भरणार कोण? पऱ्हाटीचा भाव आणि पेटंटमधला वाटा शासनाने आत्ताच कागदावर आणावा. कारखाना उभा राहिल्यावर आम्हाला कोणी विचारणार नाही.