लेआचे नावडतेपण आणि ‘द्वेष’ हा शब्द

बायबलच्या मराठी भाषांतरांत ‘द्वेष’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला गेला आहे, त्या सहजतेने तो स्वीकारणे कठीण आहे. जुन्या करारात सीन, नून आणि आलेफ या तीन व्यंजनांच्या धातूपासून झालेले ‘साने’ हे क्रियापद सुमारे दीडशे वेळा येते. ग्रीक नव्या करारात त्याच्या जागी ‘मिसेओ’ हे क्रियापद उभे आहे. या दोहोंसाठी मराठीत बहुतेक ठिकाणी ‘द्वेष करणे’ हाच प्रयोग रूढ झाला. परिणाम असा की, शत्रूवरही प्रीती करावी असे सांगणारा येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात आईबापांचा, पत्नीचा आणि मुलांचा द्वेष करण्याची अट घालताना दिसतो. हा विरोध मिटविण्यासाठी भाष्यकारांनी एक तोडगा काढून ठेवला आहे : हिब्रू वाक्प्रयोगात द्वेष म्हणजे केवळ ‘कमी प्रीती’. तोडगा जुना आहे, सोयीचा आहे, आणि अपुरा आहे.

त्याचा मुख्य आधार उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायातील लेआची कथा हा होय. याकोबाची राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती असे तेथे एका वाक्यात म्हटले आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात, लेआ ‘सनुआ’ आहे हे परमेश्वराने पाहिले, असे म्हटले आहे. ‘सनुआ’ हे ‘साने’चे कर्मणी विशेषण. दोन वाक्ये शेजारी ठेवली की ‘अधिक प्रीती’ आणि ‘द्वेष’ यांचे समीकरण मांडण्याचा मोह होतो. ग्रीक सप्ततीने येथे ‘मिसेओ’ कायम ठेवले. जेरोमने लॅटिनमध्ये तुच्छ लेखणे या अर्थाचे क्रियापद घातले. १६११च्या इंग्रजी भाषांतराने द्वेषाचाच शब्द ठेवला. आणि १९७८च्या एका बहुप्रचलित इंग्रजी आवृत्तीने ‘जिच्यावर प्रीती नव्हती ती’ अशी मवाळ रचना केली.

परंतु कथा पुढे वाचावी. लेआ आपल्या मुलांची नावे ठेवते ती याच दुःखावरून. दुसऱ्या मुलाचे नाव शिमोन, कारण आपण ‘सनुआ’ आहोत हे परमेश्वराने ऐकले. तिसऱ्याचे लेवी, कारण आता तरी नवरा आपल्याशी जोडला जाईल ही आशा. जी स्त्री आपल्या अवहेलनेची नोंद मुलाच्या नावात करून ठेवते, ती प्रीतीचे कमीअधिक माप मोजीत बसलेली नाही. ‘कमी प्रीती’ हे याकोबाच्या बाजूने केलेले वर्णन आहे. ‘सनुआ’ हा शब्द मात्र लेआच्या बाजूला उभा आहे : तो पतीच्या मनात काय चालले आहे हे सांगत नाही, त्या घरात तिचे स्थान काय आहे हे सांगतो.

या स्थानाला मराठीत तयार शब्द आहे, आणि तो कोशकारांनी घडविलेला नसून श्रावणातल्या कहाण्यांनी घराघरांत पोचविलेला आहे : नावडती. आवडती आणि नावडती राणी ऐकत वाढलेल्या श्रोत्याला नावडतेपण म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. राजा नावडतीवर संतापलेला नसतो. तिच्याविषयी त्याच्या मनात काही जळत असते असेही नाही. तिला राहायला गोठा, नेसायला जाडेभरडे, आणि राजवाड्यातल्या समारंभात जागा नाही. हा भाव नव्हे, हा दर्जा आहे. ‘अनुवाद’ या नावाने मराठीत ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील वारसाचा नियम याच दर्जाविषयी आहे. दोन बायकांपैकी एक आवडती आणि दुसरी ‘सनुआ’ असेल, आणि ज्येष्ठ पुत्र दुसरीचा असेल, तर त्याचा दुप्पट वाटा बापाने आवडतीच्या मुलाकडे वळवू नये. कायदा पतीला नावडतीवर प्रीती करण्याची आज्ञा देत नाही. तिच्या मुलाचा वाटा तेवढा राखतो. मनोभाव कायद्याच्या कक्षेत येत नाही, दर्जाचे परिणाम येतात, हे त्या विधिकाराने नेमके ओळखले होते.

‘साने’चा हा व्यवहारातला अर्थ हिब्रू ग्रंथाबाहेर अधिक स्पष्ट दिसतो. नाईल नदीतील एलेफंटिनी बेटावर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इराणी साम्राज्याच्या चाकरीत असलेल्या यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिच्यातील अरामी भाषेतले पपायरस १९०६पासून प्रसिद्ध होत गेले. त्यांतील विवाहपत्रांत एक कलम येते : पती किंवा पत्नी सभेत उभी राहून आपल्या जोडीदाराचा आपण ‘द्वेष केला’ असे म्हणेल, तर म्हणणाऱ्याच्या माथी ‘द्वेषाचे रुपे’ बसेल. मिब्ताह्या नावाच्या स्त्रीच्या विवाहपत्रात ही रक्कम साडेसात शेकेल आहे. ती तराजूवर तोलून द्यावी आणि मग तिने हवे तेथे निघून जावे. हे उच्चारण म्हणजे संपूर्ण घटस्फोट की पत्नीपदाचा केवळ ऱ्हास, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण साक्षीदारांसमोर उच्चारावयाचा, ज्याची किंमत रुप्यात ठरलेली आहे असा हा शब्द निव्वळ भावनावाचक नव्हे, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. आपल्याकडे काडी मोडून विवाह मोडण्याची जी रीत अनेक जातींत होती, तिच्याशीच याचे नाते अधिक जवळचे. काडी मोडताना मनात राग होता की कंटाळा, हे पंच विचारीत नसत.

हम्मुराबीच्या संहितेतील १४२व्या कलमातही पतीचा ‘द्वेष’ करून त्याला नकार देणाऱ्या स्त्रीचा विचार आहे, आणि तेथे अक्कादी ‘झेरू’ हे क्रियापद आहे. रेमंड वेस्टब्रुक यांनी १९८६ साली ‘अनुवाद’च्या चोविसाव्या अध्यायाचा अर्थ लावताना असे सुचविले की, पहिला पती पत्नीत काही दोष दाखवून तिला सोडतो, आणि दुसरा ‘साने’ म्हणून, म्हणजे कोणतेही कारण न देता, सोडचिठ्ठी लिहितो. सर्वांना हे मत पटलेले नाही. पण त्यामुळे शब्दाचा तोल मनाकडून कृतीकडे कसा झुकतो ते ध्यानात येते.

विवाहाबाहेरही हेच दिसते. अनवधानाने मनुष्यवध घडला तर आश्रयनगरात संरक्षण मिळावे, मात्र ‘काल-परवापासून’ त्या दोघांत ‘सिन्आ’ असू नये, अशी अट आहे. (हिब्रूतला शब्दप्रयोगही अक्षरशः काल आणि परवा असाच आहे.) येथे ‘सिन्आ’ म्हणजे शेजाऱ्यांना ठाऊक असलेले, पंचांपुढे सिद्ध होण्याजोगे पूर्ववैर. उलट लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात भावाविषयी ‘अंतःकरणात’ द्वेष धरू नको, असे विशेषण जोडून सांगितले आहे. विशेषण जोडावे लागले ही बाब बोलकी आहे. राजकारणात तर हा शब्द निष्ठेचे उलटे माप होतो. अब्शालोमासाठी शोक करणाऱ्या दावीदाला सेनापती यवाब जेव्हा, तुम्ही द्वेष्ट्यांवर प्रीती आणि प्रीती करणाऱ्यांचा द्वेष करता, असे सुनावतो, तेव्हा तो बाजू कोणाची, हे विचारीत असतो. विल्यम मोरन यांनी १९६३ साली दाखवून दिले की, ‘अनुवाद’मधील परमेश्वरावरची ‘प्रीती’ ही प्राचीन करारपत्रांच्या भाषेतली एकनिष्ठा आहे. इसवी सनापूर्वी ६७२मध्ये एसरहद्दोनने मांडलिकांकडून युवराजावर ‘प्रीती’ करण्याची शपथ घेतली, तीही याच अर्थाने. प्रीती निष्ठावाचक असेल तर तिचा प्रतियोगी शब्द त्याच पातळीवर वाचावा लागतो. मलाखीच्या आरंभी याकोबावर प्रीती आणि एसावाचा द्वेष म्हणून जे येते, आणि पौल ज्याचा रोमकरांस पत्रात दाखला देतो, ते कराराच्या आत कोण आणि बाहेर कोण याविषयीचे आहे.

आता ‘द्वेष’ या आपल्या शब्दाकडे वळावे. वैदिक शापवाक्यांत द्विष् धातू परस्परांतल्या उघड वैरासाठी येतो; तेथे तो ‘साने’पासून फार दूर नाही. पण पुढे राग-द्वेष ही जोडी झाली, पातंजल योगाने द्वेषाची गणना पंचक्लेशांत केली, आणि संतवाङ्मयाने त्याला चित्तातून निपटून काढावयाच्या मळाचे रूप दिले. आजच्या मराठी वाचकाच्या कानी ‘द्वेष’ पडतो तो या वाटेने आलेला. म्हणून इंग्रजी वाचकाला मूळ वचन केवळ कठोर वाटत असेल, तर भारतीय वाचकाला ते अध्यात्मविरोधी वाटते. क्लेश हा साधनेची अट कसा होईल? ही अडचण इंग्रजी भाष्यांतून उसन्या घेतलेल्या ‘कमी प्रीती’च्या खुलाशाने सुटत नाही, कारण तो खुलासाही मनातल्या मापाचाच आहे.

तथापि ‘साने’ म्हणजे नेहमीच दर्जा वा करार, असा नवा यांत्रिक सिद्धांत उभारणे तितकेच चुकीचे ठरेल. दुसरे शमुवेलच्या तेराव्या अध्यायात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो, आणि त्यानंतर त्याच्या मनात उसळलेली ‘सिन्आ’ आधीच्या आसक्तीपेक्षा मोठी होती असे निवेदक सांगतो. येथे शब्द उघडपणे ज्वलंत भावनेचा आहे. मराठीत तो तिटकारा, घृणा या बाजूने जाईल. तरीही त्या भावनेची पुढची पायरी म्हणजे तामारला बाहेर घालवून दाराला अडसर लावणे. भाव आणि हकालपट्टी एकाच शब्दात राहतात, हे या धातूचे वैशिष्ट्य आहे.

मग लूकच्या वचनाचे काय करावे? मत्तयाने दहाव्या अध्यायात तेच वचन ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ असे फिरवून दिले आहे, आणि सौम्य अर्थाचे पुरस्कर्ते त्यावर विसंबतात. पण लूकच्या यादीत पत्नी आहे आणि स्वतःचा जीवही आहे. ती नात्यांच्या हक्कापुढे दिलेल्या नकाराची यादी आहे. मराठीत याला ‘अव्हेर’ हा शब्द आहे. अव्हेरणाऱ्याच्या मनात माया शिल्लक असू शकते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी ताटातूट आली, तिचे वर्णन ‘द्वेष’ या शब्दाने कोणी करणार नाही. ‘कमी प्रीती’ने तर मुळीच नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ भाष्याविना कळावा.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेन्त्स्वाइग यांनी १९२५पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या जर्मन भाषांतरात एका हिब्रू धातूला शक्यतो एकच जर्मन धातू असा दंडक पाळला, कारण पुनरावृत्ती हीच त्या ग्रंथाची अर्थ जोडण्याची रीत आहे. लेआला ‘नावडती’, मनुष्यवधाच्या कलमात ‘वैर’, लूकमध्ये ‘अव्हेर’ आणि अम्नोनच्या प्रसंगी ‘तिटकारा’ असे चार शब्द वापरले, तर ही प्रतिध्वनींची साखळी तुटते. आक्षेप खरा आहे. परंतु ‘द्वेष’ ठेवूनही साखळी टिकत नाही. टिकते ती वेगळीच साखळी, क्लेशांची. चुकीचा प्रतिध्वनी ऐकण्यापेक्षा थोडे मौन परवडते.

प्रश्न केवळ शैलीचा नाही, हे मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातील सोळाव्या वचनावरून दिसते. परमेश्वराला घटस्फोटाचा तिटकारा आहे, असे ते वचन व्यासपीठांवरून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, आणि नांदणे अशक्य झालेल्या स्त्रियांना ते ऐकावे लागले. भारतातल्या ख्रिस्ती स्त्रीला १८६९च्या कायद्यानेही झुकते माप दिले नव्हते. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होते, तर पत्नीला बहुधा पतीच्या व्यभिचाराला क्रौर्याची किंवा परित्यागाची जोड सिद्ध करावी लागे. ही विषमता २००१च्या दुरुस्तीने गेली. हिब्रू पाठात मात्र क्रियापद प्रथमपुरुषी नाही. ‘साने’चे रूप तेथे तृतीयपुरुषी आहे आणि लगेच पुढे ‘पाठवून देणे’ येते. सप्ततीने आणि कुमरान येथे सापडलेल्या एका हस्तलिखिताने त्याचा संबंध द्वेष करून पत्नीला पाठवून देणाऱ्या पुरुषाशी जोडला. २००१ आणि २०११च्या दोन इंग्रजी आवृत्त्यांनीही ‘साने’चा कर्ता पतीलाच केले आहे. तसे वाचले तर वचनाचा रोख सोडून जाऊ पाहणाऱ्या स्त्रीकडे उरत नाही. तो वळतो तिला नावडती ठरवून घराबाहेर काढणाऱ्या पुरुषाकडे, एलेफंटिनीच्या सभेत उभे राहून जो शब्द उच्चारला जाई त्याच शब्दाकडे. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेऊन १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले; मूळ पाठापर्यंत जाण्याची वाट मराठीला अपरिचित नाही. पुढील आवृत्तीच्या संपादकांनी या वचनाखाली दोन्ही पाठ तळटिपेत शेजारी शेजारी छापावेत.